यंत्रांचें घर आणि मूषकांचा शिरकाव

गोठ्यांत बैल बांधलेले असत तोंवर गोठ्यांतील उंदरांची फारशी चिंता कोणी करीत नसे. बैलाच्या पुढ्यांतील आंबोण त्यानें थोडें खाल्लें, फार तर दावें कुरतडलें, यापलीकडे त्याच्या हातून मोठेंसें नुकसान होण्यासारखें नव्हतें. बैल हें हालतें-चालतें जनावर. त्याच्या कानांत घरटें करण्याचें धाडस कोणता उंदीर करणार? परंतु आतां पुष्कळ कुटुंबांच्या शेतावर गोठ्याच्या जागीं ट्रॅक्टर येऊन उभा राहिला आहे. हा नवा धुरंधर बलवान खरा. पण वर्षांतून कित्येक महिने तो एकाच जागीं निश्चल उभा असतो, आणि निश्चल, काळोख्या व कोरड्या जागेची उंदरास जितकी आवड तितकी दुसऱ्या कशाचीच नाहीं.

ट्रॅक्टरांत उंदीर शिरला म्हणजे काय होतें हें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांस तें ऐकून प्रथम हंसूंच येईल. विजेच्या तारांवरील आवरण तो कुरतडतो, बैठकीच्या आंतील स्पंज उपसतो, इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळींत घरटें बांधतो, डिझेलच्या रबरी नळ्यांस भोंकें पाडतो. फवारणीयंत्राच्या नळ्या आणि मळणीयंत्राचे पट्टे यांचीहि तीच गत. त्याच्या मूत्रानें पत्रा व तारांचीं टोकें गंजतात तें निराळेंच. आणि इतकें करून मूषकमहाराजांच्या पोटांत यांतलें कांहींच जात नाहीं! उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात, वर्षाला सुमारें ४ ते ५ इंच. ते सतत झिजविले नाहींत तर त्याला तोंड मिटणें कठीण होईल. म्हणून वाटेंत येईल तें कुरतडणें हा त्याचा छंद नसून प्रपंचच आहे. नव्या यंत्रांतील तारांचें आवरण सोयाबीनपासून करतात म्हणून उंदीर तिकडे ओढला जातो, अशी एक समजूत अलीकडे ऐकूं येते. ती खरी मानली तरी जुन्या यंत्रांच्या तारा उंदरांनीं सोडल्या होत्या असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.

या नुकसानीची खरी किंमत मिस्त्रीच्या बिलांत पुरती उतरत नाहीं. मृगाचा पाऊस पडून गेला आहे, जमिनीला वाफसा आला आहे, दोन दिवसांत पेरणी उरकली पाहिजे, अशा वेळीं किल्ली फिरवावी आणि यंत्रानें मौन धरावें! तालुक्याच्या गांवाहून मिस्त्री येऊन कुरतडलेली तार शोधीपर्यंत वाफसा निघून जातो. त्यांतून एकत्र कुटुंबाचा व्यवहार असला म्हणजे कर्जाचा हप्ता सामाईक आणि दोष मात्र शेताची देखरेख ज्याच्याकडे त्या एकट्याचा! याहूनहि भय आगीचें. सुक्या गवताचें व चिंध्यांचें घरटें इंजिनाच्या धुराड्याशेजारीं असलें, किंवा उघड्या पडलेल्या दोन तारा एकमेकींस लागल्या, तर ट्रॅक्टरच नव्हे, तर सगळें अवजारघर भस्म होण्यास वेळ लागत नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरीं अवजारघर बांधण्याचा बेत चालला असेल त्यांनीं गवंड्यास बोलावण्यापूर्वीं थोडा विचार उंदराच्या बाजूनेंहि करावा. आपल्याकडे या कामीं मुख्यतः तिघांची दखल घ्यावी लागते. पहिला घरांतला पिटुकला उंदीर. दुसरा काळा उंदीर. हा चढण्यांत पटाईत, वासे आणि आढें हें त्याचें राज्य. तिसरी घूस; ही चढण्याच्या भानगडींत फारशी पडत नाहीं, पण जमीन पोखरण्यांत तिचा हात धरणारा कोणी नाहीं. चिचुंद्रीला लोक याच टोळींत ढकलतात, तो तिच्यावर अन्याय आहे. ती उंदराच्या जातीची नव्हेच. किडे खाऊन ती आपली एक प्रकारें सेवाच करते, फक्त तिचा वास सोसावा लागतो.

आतां मापें. आपले सुतार-लोहार इंचाचे ८ सूत धरतात, तेंच माप येथें सोयीचें आहे. २ सूत रुंदीच्या फटींतून पिटुकला उंदीर आंत येतो, आणि ४ सुतांच्या भोंकांतून मोठ्या उंदराचें पिलूं येतें. डोकें शिरलें कीं बाकीचें अंग मागोमाग येतेंच. मोठा उंदीर उभ्या जागेवरून सुमारें ३ फूट उंच आणि ४ फूट लांब उडी मारतो. लहान उंदीर फूटभर उंच. खरबरीत भिंतीवर तो सहज चढतो, तारेवरून चालतो, पाण्यांत पोहतो. हीं मापें ज्याच्या ध्यानांत राहिलीं त्याला इमारतीचा प्रत्येक भाग कसा असावा हें निम्में अधिक आपोआप कळूं लागेल.

जगांतील शेतकऱ्यांनीं या प्रश्नाचें एक उत्तर फार पूर्वींच काढून ठेवलें आहे. स्पेनच्या वायव्य भागांत, गॅलिशिया व अस्तुरियास प्रांतीं, धान्याचीं लहान कोठारें दगडी खांबांवर उभीं केलेलीं असतात, आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर एक रुंद, सपाट शिळा बसविलेली असते. उंदीर खांबावर चढतो, पण त्या शिळेच्या खालच्या बाजूस उलटें लटकून कड ओलांडणें त्याला साधत नाहीं. इंग्लंडांतहि भूछत्राच्या आकाराचे असे दगड कोठाराखालीं घालीत. आपल्याकडे धान्याच्या गोदामांचें जोतें उंच ठेवून त्याची कड बाहेर काढतात, त्यांतहि युक्ति हीच. परंतु ट्रॅक्टराला ही युक्ति जशीच्या तशी लागू पडत नाहीं. गोणी मनुष्य पाठीवर घेऊन पायऱ्या चढतो. ट्रॅक्टर आंत न्यावयाचा तर उतरण पाहिजे, आणि ज्या उतरणीवरून ट्रॅक्टर चढेल तिच्यावरून उंदीर चढणार नाहीं काय? उंच जोतें आणि पुढें दगडी उतरण अशीं अवजारघरें आम्हीं पाहिलीं आहेत. तेथें जोत्यावर केलेला खर्च त्या उतरणीनें फुकट घालविलेला असतो. पुराच्या भागांत जोतें उंच ठेवणें प्राप्तच असेल तर उतरण लोखंडी पत्र्याची, काढती-घालती करावी. इतरांनीं जमिनीपासून सहा-आठ इंच जोतें पुरे समजावें आणि वांचलेला पैसा जमिनीखालीं घालावा.

जमिनीखालीं म्हणजे काय तें सांगतों. घूस भिंतीच्या कडेनें खालीं उकरीत जाते व पाया उथळ असला म्हणजे त्याच्याखालून आंत निघते. हिच्यासाठीं पायाच्या बाहेरच्या बाजूनें काँक्रीटचा एक पडदा जमिनींत २ फूट खोल न्यावा, आणि तळाशीं तो बाहेरच्या अंगास १ फूट आडवा वळवावा, म्हणजे त्याचा आकार पावलासारखा होतो. या आडव्या पावलांतच सगळी खुबी आहे. भिंतीशीं अंग घांसून उकरीत खालीं आलेल्या घुशीचें नाक या पावलावर आदळतें; तेथें मागें सरून, फूटभर दूर जाऊन पुन्हा खालीं उकरावें ही कल्पना तिला सहसा सुचत नाहीं. ती तेथेंच इकडेतिकडे खरवडून नाद सोडते. पडद्याची जाडी ४ इंच असावी. बाहेर भिंतीलगत २ फूट रुंद आणि ६ इंच खोल असा खडीचा पट्टा भरावा. इंचभर जाडीच्या खडींत बीळ उभें राहत नाहीं, ढांसळतें. शिवाय त्या पट्ट्यावर गवत वाढत नाहीं आणि उंदराला आडोसा मिळत नाहीं.

देशावर काळी जमीन असेल तर येथें विशेष सावध असलें पाहिजे. काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर सरळ फरशी घातली तर दोन-तीन वर्षांत फरशी तडकते, आणि ती फट म्हणजे घुशीला दिलेलें निमंत्रणच. म्हणून काळी माती काढून टाकून मुरूम भरावा, तो पाणी मारून चांगला चोपावा, आणि वर लोखंडी जाळी घालून ५-६ इंच काँक्रीट करावें. ट्रॅक्टराच्या वजनासाठींहि इतकी जाडी लागतेच. फरशी आणि भिंत जेथें मिळतात तो सांधा सिमेंटनें गोलाई देऊन बंद करावा. शहाबादी फरशी दिसायला छान, पण तिच्या खालीं पोकळी राहते. अवजारघरांत तिचा मोह धरूं नये. सांडपाण्यासाठीं आंत मोरी ठेवूंच नये. फरशीला दाराकडे किंचित् उतार दिला म्हणजे धुतलेलें पाणी बाहेर जातें.

भिंतीविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. विटेची भिंत, सांधे पुरे भरलेले, आणि बाहेरून जमिनीपासून निदान ३ फूट घोटून गुळगुळीत केलेला गिलावा, एवढें पुरे. कोंकणांतील जांभ्याची भिंत उघडी सोडण्याची रीत आहे. तिचें रूप आम्हांसहि आवडतें, परंतु जांभ्याचा खरबरीतपणा व चिऱ्यांमधले सांधे म्हणजे काळ्या उंदरास शिडीच. तेथें सौंदर्याला थोडी मुरड घालून गिलावा करणें बरें. भिंतीलगत पावसाच्या पाण्याची नळी सोडली असेल तर नळी व भिंत यांच्या कोनांतून उंदीर पाठ टेकून वर चढतो. नळीवर पत्र्याची चकती बसवावी. झाडाच्या फांद्या छपरापासून ६ फूट दूर छाटाव्या. विजेची तार खांबावरून छपराला न आणतां लोखंडी नळींतून जमिनीखालून आणावी, आणि ती जेथें भिंतींत शिरते तें भोंक सिमेंटनें बुजवावें. तें भोंक वायरमन मोठें पाडतो आणि बुजवावयाचें गवंड्यावर सोडून जातो; गवंडी तोंपर्यंत दुसऱ्या कामावर गेलेला असतो. मालकानें हें स्वतः पाहावें.

छपराविषयीं एक ऐतिहासिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पुढल्या वर्षीं पुण्यानें त्याचा कहर पाहिला, हें आपल्या जुन्या घराण्यांच्या आठवणींत अद्यापि आहे. १८९८ सालीं सिमाँ नांवाच्या फ्रेंच वैद्यानें कराचींत असतांना असें दाखविलें कीं, हा रोग उंदराकडून मनुष्याकडे पिसवांच्या मार्फत येतो. पुढें १९११ सालीं जावा बेटांत मालंगच्या भागांत प्लेग उसळला, तेव्हां तेथील डच अधिकाऱ्यांनीं घरांची तपासणी केली. घरें बांबूचीं, आणि बांबूच्या पोकळींत, छपराच्या जाड थरांत उंदीर सुखानें नांदत होते. मग पुढच्या कित्येक वर्षांत तेथील लक्षावधि घरें दुरुस्त करण्यांत आलीं. उंदरांस पोकळी म्हणून राहूं द्यावयाची नाहीं, हें त्या कामाचें मुख्य सूत्र. अवजारघराच्या छपरास हेंच सूत्र लावावें. जुन्या गोठ्यास बांबूचे वासे असले तर त्यांचीं उघडीं टोकें सिमेंटनें बुजवावीं. नव्या छपरास लोखंडी नळ्या वापरल्या तर त्यांचींहि टोकें झांकावीं. पन्हाळी पत्रा भिंतीवर टेकतो तेथें प्रत्येक पन्हळीखालीं दीड-दोन इंचांची कमान मोकळी राहते. वळचणीच्या सगळ्या लांबींत अशा शेकडों कमानी! बाजारांत त्या भरण्यासाठीं स्पंजाच्या पट्ट्या मिळतात, त्या उंदीर एका रात्रींत फस्त करतो. तेथें सिमेंट भरावें किंवा जाळी ठोकावी. कौलारू छप्पर असेल तर कौलांखालीं जाळी अंथरल्यावांचून इलाज नाहीं.

वारा खेळण्यासाठीं गवाक्षें हवींतच, नाहीं तर दमटपणानें यंत्रें गंजतील. त्यांना २ सुतांच्या घरांची, झाळलेल्या तारेची जाळी लावावी. डांसांसाठीं मिळणारी नायलॉनची जाळी उंदरापुढें कागदासारखीच. समुद्रकिनाऱ्यावर खारट हवेनें साधी जाळी लवकर खाऊन जाते. तेथें न गंजणाऱ्या पोलादाची घेतली तर महाग पडली तरी पुन्हां पुन्हां बदलावी लागत नाहीं.

आतां दार. आमच्या मतें सर्व इमारतीचा निकाल येथें लागतो. साधारण ४०-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लांबीला बारा फुटांच्या आंत आणि रुंदीला सहा-साडेसहा फूट असतो. मागें रोटाव्हेटर जोडलेला असेल तर आणखी चार फूट धरावे. त्याला १० फूट रुंद व १० फूट उंच दार सोयीचें पडतें. एवढ्या मोठ्या दाराच्या चारी कडा २ सुतांच्या आंत जुळविणें ही सोपी गोष्ट नव्हे. बहुतेक लोक गुंडाळतें शटर लावतात, कारण तें तयार मिळतें. परंतु शटराच्या दोन्हीं बाजूंच्या खांचांत जागा राहते, वर जेथें तें गुंडाळलें जातें त्या नळकांड्याभोंवतीं तर चांगली ओंजळभर पोकळी असते, आणि तळाची पट्टी वांकली म्हणजे मधोमध कमान पडते. सरकतें दार याहून वाईट. तें भिंतीपासून सुटें लोंबत असतें. आम्हांस विचाराल तर लोखंडी चौकटीवर पत्रा मारलेलीं दोन झडपांचीं जुन्या वाड्याच्या धाटणीचीं दारें सर्वांत बरीं. खालीं फरशींत लोखंडी अँगल बसवून उंबरठा करावा. तो फरशीच्या वर अर्धा-पाऊण इंच असला तर चाकास अडथळा होत नाहीं आणि झडप त्यावर नीट टेकते. दोन झडपा मिळतात तेथें एकीला पट्टी जोडून दुसरीवर ती बसेल असें करावें. शटर आधींच बसविलेलें असेल त्यांनीं वरच्या नळकांड्याभोंवतीं पत्र्याची पेटी करून घ्यावी आणि खांचांस कडक केसांच्या ब्रशाच्या पट्ट्या लावाव्या. त्यानें अटकाव पूर्ण होत नाहीं, पण बराच होतो. याशिवाय माणसांच्या येण्याजाण्यासाठीं एक लहान दार निराळें ठेवावें. नाहीं तर पान्ह्यासाठीं आंत गेलेला माणूस मोठें दार दिवसभर सताड उघडें टाकतो, आणि पायांत घातलेले हजारों रुपये तेथें वाऱ्यावर जातात.

इतकें करूनहि उंदीर आंत येण्याची एक वाट राहतेच: आपणच त्याला घेऊन येतों. ट्रॉलींतल्या कडब्यांत, मळणीयंत्राच्या पोटांत, रिकाम्या गोण्यांच्या गठ्ठ्यांत बसून तो आंत दाखल होतो. मळणीयंत्र व पेरणीयंत्र आंत घेण्यापूर्वीं त्यांतील दाणा न दाणा झाडून काढावा. पेरणीयंत्राच्या पेटींत राहिलेलें मूठभर बियाणें सबंध बिऱ्हाडास महिनाभर पुरतें. धान्य, पेंड आणि बियाणें या इमारतींत ठेवूं नये; जागेची अडचणच असेल तर मध्यें छपरापर्यंत भिंत आणि निराळें दार करावें. आणि येथें आमच्या वाचकांच्या घरांतील एका जुन्या संवयीविषयीं लिहिणें भाग आहे. एकत्र कुटुंबांत ज्या वस्तूला कोठेंच जागा नसते ती नव्या बांधलेल्या जागेंत जाऊन पडते. धाकट्या काकांचीं जुनीं पुस्तकें, मुंजींतील चटया, फाटक्या गाद्या, पाळण्याचे मोडके खूर हें सारें ‘तूर्त तेथें असूं द्या’ म्हणून अवजारघरांत पोंचतें, आणि तें ‘तूर्त’ पुढची पिढी येईपर्यंत संपत नाहीं. फाटकी गादी म्हणजे उंदराला बाळंतिणीची खोलीच समजावी. मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळीं पांच-सात पिलें ही साधारण गोष्ट आहे. किल्ली एका माणसाकडे असावी व त्याला वडीलधाऱ्यांसहि नाहीं म्हणण्याचा अधिकार असावा, ही अट घरांत आधींच ठरवून घ्यावी. ती ठरविणें पाया खणण्याहून अवघड आहे याची आम्हांस जाणीव आहे.

आंत भिंतीपासून दोन फूट जागा सर्व बाजूंनीं मोकळी ठेवावी. उंदीर मधोमध चालत नाहीं, भिंतीच्या कडेनें मिशा घांशीत जातो. त्या मोकळ्या पट्ट्यावर दर पंधरवड्यास चिमूटभर रांगोळी भुरभुरून ठेवली म्हणजे सकाळीं पावलांवरून कोण आलें-गेलें तें कळतें. घरांतील मुलांस हें काम फार आवडतें. ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा राहणार असेल तर बॅटरीची तार सोडावी, बॉनेट उघडें ठेवावें म्हणजे आंत उजेड जातो, धुराड्यावर डबा पालथा घालावा व हवेच्या नळीच्या तोंडास जाळी बांधावी. डबा व जाळी काढल्याखेरीज यंत्र सुरू करूं नये म्हणून किल्लीलाच एक चिठ्ठी बांधून ठेवणें चांगलें. डिझेलचीं पिंपें येथें ठेवूं नयेत, आणि दार लावून इंजिन कधींहि चालवूं नये.

आंत लेंड्या दिसल्या तर त्या कोरड्या झाडूं नयेत; आधीं जंतुनाशक पाण्यानें भिजवाव्या, हातांत रबरी मोजे घालावे. उंदराच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरोसिस हा ताप पसरतो, आणि २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईंत त्यानें काय केलें हें पुष्कळांस आठवत असेल.

विषाकडे लोक सर्वांत आधीं वळतात. आम्ही तें सर्वांत शेवटीं घेतलें आहे. झिंक फॉस्फाइड हें काळसर विष जालीम खरें, परंतु थोडें खाऊन बचावलेला उंदीर त्याला पुन्हां तोंड लावीत नाहीं, म्हणून आधीं दोन-तीन दिवस बिनविषाचें आमिष घालून त्याचा विश्वास संपादावा लागतो. ओलावा लागला कीं त्यांतून विषारी वायु सुटतो. ब्रोमॅडिओलोनचीं वड्यांसारखीं आमिषें सावकाश मारतात. त्यावर के जीवनसत्त्व हा उतारा आहे. परंतु विष खाऊन सुस्त झालेला उंदीर जर मांजरानें किंवा घुबडानें खाल्ला तर बळी त्यांचाहि पडतो, आणि घुबड हें तर आपलें रात्रीचें विनामूल्य पहारेकरी! ज्या घरांत रांगतीं मुलें आहेत तेथें विषाची पुडी अवजारघरांतसुद्धां कुलुपाच्या पेटीबाहेर नको. साधे चाप पुष्कळ काम करतात. मात्र ते भिंतीला काटकोनांत, आमिषाचें टोक भिंतीकडे करून मांडावे. किंकाळीसारखा सूक्ष्म आवाज काढून उंदीर पळविणारीं विजेचीं यंत्रें विकावयास येतात. उंदीर त्या आवाजास थोड्या दिवसांत सरावतो; विकत घेणाऱ्याचे पैसे मात्र परत येत नाहींत.

पायाचें काम उन्हाळ्यांत, चैत्र-वैशाखांत, उरकावें आणि चर बुजविण्यापूर्वीं तें आडवें पाऊल खरोखर झालें आहे कीं नाहीं हें घरच्या माणसानें उतरून पाहावें. खरिपाचीं पिकें निघालीं म्हणजे शेतांतले उंदीर आडोसा शोधीत इमारतींकडे सरकतात; त्याच्या आधीं, म्हणजे निदान नवरात्राच्या सुमारास, दारें बसलेलीं असावीं. लोहारानें तारीख चुकविली आणि दार राहून गेलें, तर ट्रॅक्टर अर्धवट इमारतींत न घालतां अंगणाच्या मधोमध, गवत काढलेल्या उघड्या जागेवर उभा करावा, बॉनेट वर करून ठेवावें. पाऊस आला तर ताडपत्री घालावी, परंतु ती जमिनीपर्यंत लोंबूं देऊं नये.